कायद्याचं गुऱ्हाळ, बर्फातलं

२५ जानेवारी २००० ची संध्याकाळ. अमेरिकेच्या ईशान्येकडच्या व्हर्मोंट राज्यात जोराचा बर्फ पडत होता. डोंगरांतले रस्ते दिसेनासे झाले होते. अशा दिवशी माणूस दार लावून शेकोटीपाशी बसतो. पण त्या संध्याकाळी हजाराहून जास्त माणसं गाड्या हाकत माँटपीलियरला पोचली. माँटपीलियर ही या राज्याची राजधानी. वस्ती जेमतेम ८ हजार, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या गावाएवढी. अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याची राजधानी इतकी लहान नाही.

ही माणसं विधानभवनात आपलं म्हणणं मांडायला आली होती. महिनाभरापूर्वी, २० डिसेंबर १९९९ रोजी, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला होता की, विवाहित जोडप्यांना कायद्याने मिळणारे लाभ आणि संरक्षण समलिंगी जोडप्यांनाही मिळालं पाहिजे. ते कसं द्यायचं, हे मात्र न्यायालयाने विधिमंडळावर सोपवलं होतं.

इथे एक प्रश्न पडतो. निकाल हातात होता. जाणकार वकिलांनी आठवड्याभरात मसुदा लिहून दिला असता. मग भर बर्फात माणसांना बोलवायचं, तासन् तास ऐकत बसायचं, समितीत महिनाभर खल करायचा, हे सगळं कशासाठी? प्रत्यक्षात कायद्यावर सही झाली ती २६ एप्रिलला, आणि व्हर्मोंटच्या मानाने ही घाईच होती. तिथली बहुतेक विधेयकं दोन दोन वर्षं रेंगाळतात, आणि त्यांतली कितीतरी कायदा न होताच संपतात.

लांबत जाणाऱ्या चर्चेला आपण मराठीत ‘गुऱ्हाळ’ म्हणतो. शब्दात वैताग असतो. पण ज्याने खरं गुऱ्हाळ पाहिलंय, त्याला ठाऊक असतं की तिथे वेळ वाया जात नाही, वेळ हाच तिथला कच्चा माल असतो. कायदा सावकाश का होतो, हे समजून घ्यायला या शब्दाइतकी चांगली किल्ली दुसरी नाही.

अधिवेशन ऐन थंडीतच का?

व्हर्मोंटच्या विधानभवनावर सोनेरी घुमट आहे आणि घुमटावर शेतीच्या देवतेचा पुतळा आहे. अधिवेशनाच्या वेळापत्रकाचा अर्धा अर्थ त्या पुतळ्यात आहे.

इथले आमदार पूर्णवेळ राजकारणी नाहीत. कुणी शेतकरी, कुणी शिक्षिका, कुणी दुकानदार. अधिवेशन साधारण जानेवारी ते मे एवढंच चालतं. उरलेलं वर्ष ही माणसं आपापल्या कामावर असतात. शेती करणाऱ्या समाजात सभेला जायला मोकळीक कधी मिळणार? जमीन बर्फाखाली झोपलेली असताना. त्यात निवडणुका नोव्हेंबरात होतात, म्हणजे नवे सदस्य जानेवारीतच शपथ घेतात. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांची अधिवेशनं जानेवारीत सुरू होतात ती यामुळेच.

बर्फाचा थेट परिणाम गणसंख्येवर होऊ शकतो. सभा वैध ठरायला किमान इतके सदस्य हजर हवेत, या आकड्याला गणसंख्या म्हणतात. व्हर्मोंटच्या कनिष्ठ सभागृहात १५० सदस्य आहेत, म्हणजे नेहमीच्या कामाला ७६ लागतात. पण राज्याचा कर लावायचा असेल, तर राज्यघटना दोन तृतीयांश, म्हणजे १०० सदस्यांची हजेरी मागते. वादळामुळे अर्धे सदस्य वाटेत अडकले असताना लोकांच्या खिशाला हात घालता येत नाही. ज्यांना पोचायला उशीर होतोय, त्यांच्यासाठी थांबायचं, असा या नियमाचा साधा अर्थ.

सावकाशपणा मुद्दाम ठेवलेला

हा थांबण्याचा संस्कार जुना आहे. व्हर्मोंट १७७७ ते १७९१ स्वतंत्र प्रजासत्ताक होतं. मग ते अमेरिकेचं चौदावं राज्य झालं. १७७७ मध्ये तिथल्या लोकांनी जी घटना लिहिली, तिच्यात कायद्याच्या गतीबद्दल एक कलम होतं. त्याचा आशय असा: घाईत निर्णय होऊ नयेत म्हणून सार्वजनिक स्वरूपाचं प्रत्येक विधेयक शेवटच्या वाचनाआधी छापून लोकांपुढे ठेवावं, आणि अचानक निकड आली नसेल तर पुढच्या अधिवेशनापर्यंत त्याचा कायदा करू नये.

त्या काळी छापील कागद घोड्यावरून खेड्यात पोचणार, तिथे कुणीतरी तो मोठ्याने वाचणार, माणसं त्यावर बोलणार आणि आपल्या प्रतिनिधीला मत कळवणार. या सगळ्याला जितका वेळ लागेल, तितका वेळ कायद्याने थांबायचं. ते कलम त्या रूपात पुढे राहिलं नाही, पण त्यामागचा विचार आजच्या प्रत्येक टप्प्यात झिरपलेला आहे.

चाळीस लिटर रस, एक लिटर पाक

व्हर्मोंटमध्ये ऊस नाही, पण गुऱ्हाळं आहेत. तिथे शुगर मेपल नावाचं झाड वाढतं. हिवाळ्याच्या शेवटी रात्री पाणी गोठतं आणि दिवसा वितळतं, तेव्हा या झाडात एक उलाढाल सुरू होते. रात्रीच्या गारठ्यात खोड मुळांकडून पाणी वर ओढून घेतं. दिवसा ऊब आली की आत दाब तयार होतो. खोडाला लहानसं भोक पाडलं की रस ठिबकतो. थंडी नसेल तर रसही नाही.

हा रस पाण्यासारखाच पातळ असतो, त्यात साखर जेमतेम २ टक्के. सुमारे ४० लिटर रस आटवावा तेव्हा १ लिटर पाक मिळतो. त्यासाठी पसरट कढई असते आणि तिच्यात कप्पे केलेले असतात. कच्चा रस एका टोकाने आत येतो, एकेक कप्पा ओलांडत घट्ट होत जातो आणि दुसऱ्या टोकाने पाक होऊन बाहेर पडतो. आपल्या काहिलीवर गुळव्या मळी काढत उभा असतो, तसाच तिथेही एक जाणता माणूस झाऱ्यावरून पाक कसा ओघळतो ते पाहत उभा असतो. आच जास्त झाली तर पाक करपतो. अर्धवट उतरवला तर टिकत नाही.

विधेयकाचा प्रवास या कढईसारखाच आहे. चला, कप्प्याकप्प्याने जाऊ.

पहिला कप्पा: समितीची खोली

विधेयक सभागृहात मांडलं की त्याचं पहिलं वाचन होतं. हे वाचन नावापुरतंच. शीर्षक वाचून विधेयक त्या त्या विषयाच्या समितीकडे जातं. खरं शिजणं इथे होतं.

व्हर्मोंटच्या आमदारांना स्वतंत्र कार्यालयं नसतात, खासगी सचिव नसतात. समितीची खोली हेच त्यांचं कामाचं ठिकाण. एक टेबल, भोवती सदस्य, समोर साक्ष द्यायला आलेला माणूस, आणि भिंतीकडेने खुर्च्यांवर कुणीही नागरिक. शेतीच्या विधेयकावर शेतकरी बोलतो, त्याच्यानंतर दुधाचा व्यापारी, मग सरकारी अधिकारी. एकाचं ऐकून तयार झालेलं मत दुसऱ्याच्या बोलण्याने डळमळतं. मसुद्यातला ‘आणि’ काढून ‘किंवा’ घातला जातो, आणि त्या एका शब्दाने कितीतरी घरांचं नशीब बदलतं.

सगळी विधेयकं काही चुलीवर चढत नाहीत. समितीने ज्याला हात लावला नाही, ते विधेयक ‘भिंतीवर’ आहे, असं तिथे म्हणतात. पहिल्या वर्षी भिंतीवर राहिलेलं विधेयक दुसऱ्या वर्षी खाली काढता येतं. पण दोन वर्षांची मुदत संपली की ते बाद होतं आणि सगळं पहिल्यापासून सुरू करावं लागतं.

२००० च्या त्या जानेवारीत विधेयक कनिष्ठ सभागृहाच्या न्यायविषयक समितीकडे होतं. अध्यक्ष होते थॉमस लिटल, रिपब्लिकन पक्षाचे. उपाध्यक्ष बिल लिपर्ट हे डेमोक्रॅट, आणि आपण समलिंगी असल्याचं उघडपणे सांगणारे सभागृहातले एकमेव सदस्य. समितीपुढे दोन वाटा होत्या: थेट विवाहाचा हक्क द्यायचा, की तेच लाभ वेगळ्या नावाने द्यायचे. त्या बर्फाळ संध्याकाळी मुख्य सभागृह गच्च भरलं आणि बाजूने व विरोधात बोलणारी माणसं एकाच छताखाली एकमेकांचं ऐकत बसली. अखेर समितीने दुसरी वाट धरली. तिला नाव मिळालं ‘सिव्हिल युनियन’, म्हणजे नोंदणी केलेलं, कायद्याने मान्य केलेलं सहजीवन.

दुसरा कप्पा: तीन वाचनं आणि मधली रात्र

समितीतून बाहेर आलेल्या विधेयकावर त्याच दिवशी मत घेत नाहीत. आधी ते सूचनेच्या यादीत लागतं, म्हणजे ‘उद्या हे येणार आहे, वाचून या’. मग दुसरं वाचन: समितीचा अहवाल, दुरुस्त्या, सविस्तर चर्चा, मतदान. तिसरं आणि अखेरचं वाचन त्यानंतरच्या दिवशी.

‘वाचन’ हा शब्द आला तो छापील प्रती दुर्मिळ होत्या त्या काळातून. तेव्हा विधेयक खरोखर वाचून दाखवावं लागे. आता प्रत प्रत्येकाच्या हातात असते, तरी तीन वाचनं राहिली आहेत, कारण त्यांच्यामधली रात्र मोलाची आहे. आपल्याकडे मोठ्या व्यवहारात ‘रात्रभर विचार करतो, सकाळी सांगतो’ म्हणतात. तीच रीत इथे नियम झाली आहे.

आपल्या विधानसभेतही तीन वाचनं आहेत. पण एक मोठा फरक आहे. आपल्याकडे बहुतेक विधेयकं सरकार आणतं, आणि १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यामुळे पक्षादेश मोडणाऱ्या आमदाराचं पद जाऊ शकतं. बहुमत आधीच ठरलेलं असतं. व्हर्मोंटमध्ये असा कायदा नाही. प्रत्येक मत त्या त्या सदस्याकडून मिळवावं लागतं. आणि तिथला एक सदस्य जेमतेम ४ हजार लोकांचा प्रतिनिधी असतो. महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेनुसार हे प्रमाण जवळपास ३ लाख ९० हजार पडतं. चार हजारांत बहुतेक मतदार तोंडओळखीचे असतात. ते वाण्याच्या दुकानात गाठून विचारतात. सदस्याचा वेळ मन वळवण्यात जातो तसाच वळवून घेण्यातही जातो.

मार्च: ग्रामसभा आणि रसाचे दिवस

मार्चचा पहिला मंगळवार हा व्हर्मोंटचा ग्रामसभेचा दिवस. त्या आठवड्यात विधिमंडळ सुट्टी घेतं आणि सदस्य गावी परततात. गावकरी एकत्र बसून गावाचा जमाखर्च मंजूर करतात, आणि राज्यात काय चाललंय याचा जाबही आमदाराला विचारता येतो. कढईतला पाक झाऱ्यावर घेऊन पाहावा, तसा हा आठवडा.

२००० मध्ये हा दिवस ७ मार्चला आला. अनेक गावांनी समलिंगी विवाहाच्या विरोधात कौल दिला. हे कौल बंधनकारक नव्हते, पण सदस्यांना आपल्या माणसांचं मन स्वच्छ कळलं. त्यानंतर ९ दिवसांनी, १६ मार्चला, कनिष्ठ सभागृहाने विधेयक ७६ विरुद्ध ६९ मतांनी मंजूर केलं. गावाचा विरोध ऐकूनही ज्यांनी बाजूने मत दिलं, त्यांनी ते डोळे उघडे ठेवून दिलं.

याच सुमारास आणखी एक रेषा आखलेली असते. मार्चच्या मध्यापर्यंत जे विधेयक आपल्या सभागृहाच्या समितीतून बाहेर पडलं नाही, त्याला त्या वर्षी दुसऱ्या सभागृहात जाणं अवघड होतं. सावकाश चालणाऱ्या कामाला अशी तारीख लागते, नाहीतर ते कधीच पुढे सरकत नाही.

तिसरा कप्पा: दुसरं सभागृह आणि राज्यपाल

व्हर्मोंटमध्ये १८३६ पर्यंत एकच सभागृह होतं. मग ३० सदस्यांचं सिनेट आलं. तिथे पुन्हा समिती, पुन्हा साक्षी, पुन्हा वाचनं. एकदा गाळलेला रस पुन्हा गाळण्यासारखंच हे. सिनेटने बदल केले, तर ते पहिल्या सभागृहाने मान्य करावे लागतात. दोन्हीकडचा मजकूर शब्दन् शब्द सारखा झाल्याशिवाय विधेयक पुढे जात नाही. महाराष्ट्रातही विधान परिषद आहे, पण घटनेच्या कलम १९७ नुसार ती साधं विधेयक पहिल्यांदा ३ महिने आणि दुसऱ्यांदा १ महिना लांबवू शकते, अडवू शकत नाही. व्हर्मोंटचं सिनेट अडवू शकतं.

सिव्हिल युनियनचं विधेयक सिनेटने एप्रिलमध्ये १९ विरुद्ध ११ मतांनी मंजूर केलं. त्यातले बदल कनिष्ठ सभागृहाने २५ एप्रिलला स्वीकारले. उरला शेवटचा हात. राज्यपाल तिथे लोकांनी निवडलेला असतो. विधेयक हाती आल्यावर त्याला रविवार वगळून ५ दिवस मिळतात. सही केली तर कायदा; काहीच केलं नाही तरी कायदा; नकार देऊन परत पाठवलं तर दोन्ही सभागृहांत हजर सदस्यांपैकी दोन तृतीयांश मतं लागतात. राज्यपाल हॉवर्ड डीन यांनी २६ एप्रिलला, जाहीर समारंभ न करता, सही केली. १ जुलै २००० पासून कायदा लागू झाला. अमेरिकेत असं पाऊल उचलणारं हे पहिलं राज्य.

कायदा झाल्यानंतरचं शिजणं

त्या वर्षीच्या नोव्हेंबरात बाजूने मत देणाऱ्या अनेक सदस्यांना घरी बसावं लागलं आणि कनिष्ठ सभागृहातलं बहुमत फिरलं. पण कायदा टिकला. शेजारच्या घरातल्या दोन बायकांनी किंवा दोन पुरुषांनी नोंदणी केली, आणि गावाचं काही बिघडलं नाही, हे लोक वर्षानुवर्षं पाहत गेले.

२००९ मध्ये पूर्ण विवाहहक्काचं विधेयक आलं. राज्यपाल जिम डग्लस यांनी ६ एप्रिलला ते नाकारलं. दुसऱ्याच दिवशी सिनेटने २३ विरुद्ध ५ आणि कनिष्ठ सभागृहाने १०० विरुद्ध ४९ मतांनी तो नकार उलटवला. १४९ मतांत दोन तृतीयांशासाठी बरोबर १०० लागतात. एक मत कमी पडलं असतं, तर विधेयक पडलं असतं. न्यायालयाच्या आदेशाने नव्हे तर विधिमंडळाच्या मताने हा हक्क देणारं व्हर्मोंट पहिलं राज्य ठरलं. बर्फातल्या त्या संध्याकाळपासून नऊ वर्षं लोटली होती.

चौकट: विधेयकाची वाट, थोडक्यात

• मांडणी व पहिलं वाचन: शीर्षक वाचून विधेयक समितीकडे.
• समिती: साक्षी, दुरुस्त्या. दुर्लक्ष झालं तर विधेयक ‘भिंतीवर’.
• सूचना, मग दुसरं वाचन: चर्चा आणि मतदान.
• तिसरं वाचन: मध्ये एक रात्र सोडून अखेरचं मत.
• दुसरं सभागृह: हेच सगळं पुन्हा; मजकूर दोन्हीकडे सारखा व्हावा लागतो.
• राज्यपाल: ५ दिवस, नकार उलटवायला दोन तृतीयांश मतं.
• मुदत: दोन वर्षं. तोवर न झालेलं विधेयक बाद.

रस नासतो तेव्हा

इथवर सावकाशपणाची बाजू मांडली. पण त्याची दुसरी बाजू लपवून चालणार नाही. मेपलचा रस काय किंवा उसाचा काय, काढल्यावर चुलीवर चढला नाही तर आंबतो. उकळत ठेवलेला रस आणि पिंपात साचून राहिलेला रस, दोघांनाही वेळ लागलेला असतो. एकाचा गूळ होतो, दुसरा फेकून द्यावा लागतो.

आपल्याकडे याची फार दुःखद साक्ष आहे. महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी विधेयकाचा मसुदा २००३ पासून चर्चेत होता. अधिवेशनं आली आणि गेली, विधेयक अडकून राहिलं. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात या कायद्यासाठी झटणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची हत्या झाली, आणि अवघ्या चार दिवसांत अध्यादेश निघाला. त्याच डिसेंबरात नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात कायदा मंजूर झाला. जे चार दिवसांत होऊ शकलं, ते दहा वर्षं का झालं नाही, हा प्रश्न आजही बोचतो. ती सगळी वर्षं शिजण्याची नव्हती. त्यातली कितीतरी नुसती साचून राहण्याची होती, आणि त्या काळात भोंदूंच्या हाती सापडलेल्या माणसांना कायद्याचा आधार मिळाला नाही.

व्हर्मोंटही यातून सुटलेलं नाही. तिथल्या समित्यांच्या भिंतींवर चांगली विधेयकंही टांगलेली राहतात, कारण ती खाली काढायला कुणाला वेळ नसतो किंवा धैर्य नसतं.

म्हणून कायदा किती दिवस चाललाय, एवढ्यावरून त्याचा न्याय करू नये. चूल पेटलेली आहे का, ते पाहावं. समिती बसते आहे का? ज्यांच्यावर परिणाम होणार, त्यांना बोलावलं जातंय का? मागच्या महिन्यापेक्षा मसुद्यातला शब्द बदललाय का? पुढची तारीख जाहीर आहे का? या प्रश्नांची उत्तरं ‘हो’ असतील, तर उशीर सोसायला हरकत नाही. आपल्या माणसांचं म्हणणं त्या काहिलीत पडतंय. उत्तरं ‘नाही’ असतील, तर नागरिकांनी दार ठोठावायला हवं.

त्या जानेवारीत बर्फ तुडवत माँटपीलियरला पोचलेल्या माणसांनी हेच केलं. त्यांतले काही कायद्याच्या बाजूचे होते, काही विरोधातले, आणि रात्री सगळे त्याच निसरड्या रस्त्यांनी घरी परतले. चुलीत लाकूड घालायला दोन्ही बाजूंचे लोक आले होते.